मोकळ्या हातांचा नियम

सर्व लहानथोर वाचकांस, विशेषतः ज्यांना कधी ना कधी जन्म घ्यावा लागला अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भोर मुक्कामी सरकारी दवाखान्याच्या मागच्या पडवीत एका सकाळी मनुष्यजातीच्या जन्माला येण्याच्या जुन्यापुराण्या पद्धतीस कायद्याची शिस्त लावण्यात आली. तोवर माणसे आपापल्या सोयीने, वाटेल तेव्हा, वाटेल त्याच्या हातांत जन्मत असत. त्या दिवसापासून त्यांनी फक्त बिल्लेदार हातांत जन्मावे असे ठरले. ह्या प्रसंगी मी तिथे हजर होते. हजर म्हणजे काय, साबणाची वडी माझ्याच हातात होती.

मी नर्स. पुण्यात शिकले, भोरला नोकरीला लागले आणि लोकांनी माझे नावच काढून घेतले. 'नर्सबाई' एवढेच ठेवले. माझे लग्न शाळेत असताना झाले आणि फार लवकर संपलेही. त्यानंतर घरच्यांपुढे दोन वाटा होत्या. मला माजघरात बसवायचे, नाहीतर कुठेतरी शिकायला धाडायचे. माजघरात माझी बडबड कुणाला सोसवेना, म्हणून मी शिकले. माझ्या शिक्षणाचे सारे श्रेय माझ्या जिभेला आहे.

आता धंद्याविषयी दोन शब्द, कारण पुरुषवाचकांना ह्यातले काही ठाऊक नसते आणि ते विचारतही नाहीत. बाळंतपण बहुतेक वेळा आपले आपण होते. सुईणीची खरी कामे दोनच. बाईला धीर द्यायचा आणि घाण आत न्यायची नाही. पहिले काम आमच्या मुलखातल्या सुईणी मला शिकवतील इतके छान करीत. दुसरे काम असते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते.

वरवे बुद्रुकला एक म्हातारी सुईण गोठा आटोपून तशीच बाळंतिणीकडे गेली. दोनचार दिवसांत बाईला ताप भरला. मी पोचले तेव्हा ती मला स्वतःची आई समजून माझा पदर सोडत नव्हती. मूल वाचले. ती नाही. ह्या लेखात मी हसणार आहे आणि तुम्हीही हसा, पण नियम कशासाठी झाला हे विसरून हसू नका.

तर नियम झाला. आमचे डॉक्टर तरुण होते, मुंबईला शिकलेले, कामाला चोख आणि मनाने खरोखर चांगले. वरव्याच्या त्या बाईनंतर त्यांनी संस्थानच्या दरबारात खेटे घालून हुकूम काढवला. सुईणीने परीक्षा द्यावी, पास झाल्यास पितळी बिल्ला घ्यावा, बिल्ल्याविना बाळंतपणाला हात लावील तिला दंड. बिल्ला टांगेवाल्याच्या दंडावर असतो तसाच होता. बहुधा त्याच साच्यातला असावा. परीक्षेचे मुख्य कलम असे होते की, सुईणीने नखे कापून, 'बोटांपासून कोपरापर्यंत पूर्ण मोकळे हात' कार्बोलिक साबणाने धुवावे.

कलम लिहिल्यावर डॉक्टरांनी ते करून पाहिले. माझ्या हातांवर. मी हात पुढे केले, त्यांनी पाणी घातले, मी खसाखसा धुतले, दवाखान्याच्या कारकुनांनी मान डोलावली. परीक्षा मंडळात आम्ही तिघेच होतो, डॉक्टर, कारकून आणि मी. तिघांच्या मिळून सहा हातांवर एकही बांगडी नव्हती. त्यामुळे नियमात काही अडचण आहे, अशी शंका सहापैकी एकाही हाताला आली नाही.

परीक्षेच्या दिवशी पडवी भरून गेली. सुईणी कुणी लेकाबरोबर, कुणी नवऱ्याबरोबर आल्या होत्या. आधी तोंडी परीक्षा.

"हात कधी धुवावेत?" डॉक्टरांनी एकीला विचारले.

"बाळंतपन झाल्यावं."

"आणि आधी?"

"आदी कशापायी? धुतलं तरी पुन्यांदा घान व्हनारच की!"

कारकुनांना हे इतके पटले की त्यांनी मान डोलावली. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर थांबवली.

मग साबण. पहिल्या आल्या त्या वरव्याच्याच म्हातारीबाई. फार वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. हात कोपरापर्यंत मोकळे. तिने नखे कापून घेतली, हात धुतले, बिल्ला घेतला. ज्या हातांमुळे हा नियम झाला, ते हात पहिल्या सपाट्यात पास झाले. अर्थात पुढे ती रोज धुवायलाही लागली. बिल्ला मिळाल्यापासून तिच्याइतका साबण वापरणारी बाई उभ्या भोरात नव्हती.

दुसऱ्या आल्या मार्गासनीच्या तानूबाई.

ठेंगणी, गोल, बोलायला खणखणीत. दोन्ही हातांत मनगटापासून वर गच्च हिरव्या काचेच्या बांगड्या. तिचा नवरा केरबा एके काळचा पैलवान. मिशा अजून आखाड्यातल्याच. तो पडवीच्या पायरीवर बसला होता. तिने मला आधीच कानात सांगून ठेवले होते, "बाई, लेक पयल्या बाळंतपनाला म्हायेरी आलीया. सुंद्रा. तिला परकीचा हात न्हाई लागू द्यायचा मला. तेवडा बिल्ला द्या, दुसरं काय मागत न्हाई."

"बांगड्या काढा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हे 'चष्मा काढा' म्हणावे तितक्या सहज म्हटले.

तानूबाईने डॉक्टरांकडे पाहिले. मग पायरीकडे, नवऱ्याकडे. मग पुन्हा डॉक्टरांकडे.

"कुनाच्या नावानं काढू?" तिने विचारले.

केरबा उठून उभा राहिला. "आवं सायेब, म्या हितं बसलोय की! ढळढळीत!"

"अहो, दोन मिनिटांचा प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाले. "गळ्यात मंगळसूत्र आहेच ना?"

"ते गळ्याचं झालं," तानूबाई म्हणाली. "हातांचं काय?"

"काचेखाली घाण साठते. काच फुटून मुलाला लागते."

"मग येकेक ठिवते. बाकीच्या उतरते."

"एकही नाही."

इथे खरे तर मी डॉक्टरांच्या बाजूची. बांगडीखालचा मळ मी पाहिलेला आहे आणि फुटक्या काचेचे ओरखडेही. पण तानूबाईने माझ्या हातांकडे पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. माझे हात पाहून कुणी भ्यालेले मी त्याआधी पाहिले नव्हते. पाहिले असेल, पण साबण हातात असताना नाही.

तानूबाई नापास. तिच्यामागे ज्या ज्या सवाष्ण सुईणी होत्या, त्या साऱ्या साबणाला हात न लावताच नापास. बिल्ले मिळाले ते फक्त विधवांना. संध्याकाळपर्यंत ही बातमी खोऱ्यात पसरली आणि वाटेत तिला हातपाय फुटले. सरकारने विधवांसाठी बिल्ले काढले आहेत, इथपासून सुरुवात होऊन, बिल्ला घेतला की नवरा दगावतो, इथवर ती पोचली. पुढच्या बाजारी एक शेतकरी दवाखान्यात आला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, आमच्या हिला बिल्ला देऊ नका. मला अजून लई कामं हायती."

डॉक्टरांनी दोन दिवस अन्न गोड लागत नसल्यासारखे तोंड केले. पण नियम काही बदलला नाही. नियम बरोबर होता. तीच तर पंचाईत होती. चुकीचा नियम असता तर लोकांनी तो केव्हाच गुंडाळून ठेवला असता.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही वेल्ह्याकडे फिरतीवर गेलो होतो. परतताना डॉक्टर घोड्यावर पुढे, मी बैलांच्या दमणीत मागे. मार्गासनी जवळ आली तसा वाटेच्या मधोमध एक माणूस दोन्ही हात पसरून उभा दिसला. घोडा बुजला. माणूस हलला नाही. केरबा.

"सायेब, लेक अडलीया," तो म्हणाला, "आन बायकू सरकारचा हुकूम पाळतीया!"

आम्ही धावलो. तानूबाई घराच्या उंबऱ्यावर बसली होती. दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले. आत सुंद्रा कण्हत होती आणि ही बाहेरून तिला सांगत होती, "दम घे. आता नगं जोर लावू. म्या हाय हितं." मला पाहताच म्हणाली, "हात लावला तर दंड. न्हाई लावला तर लेक. तुमीच सांगा बाई, काय करू?"

दंड भरायला केरबा तयार होता. अडलेले होते ते दंडावर नाही. हुकमाचा अर्थच असा होता की ह्या हातांनी बाई मरू शकते. तानूबाईने वरव्याची हकीकत ऐकली होती. हुकूम तिला पटला होता, आणि तरीही बांगड्या उतरवता येत नव्हत्या. हे मला तिच्या काखेत दाबलेल्या हातांवरून तेव्हा कळले. भोरच्या पडवीत कळले नव्हते.

मी आत गेले, हात धुऊन तपासले. मूल पायाळू होते. वाचकहो, पायाळू माणसाचे लोक कौतुक करतात, त्याला जमिनीखालचे धन दिसते म्हणतात. पण त्याला जगात आणताना सुईणीला घाम फुटतो. अंग आधी बाहेर येते आणि डोके मागे अडकून राहते. तेव्हा एकीने ते अंग अलगद उचलून धरायचे असते आणि दुसरीने डोके सोडवायचे. एकटीच्या हातांनी जमले तर जमले. मला चार हात हवे होते, चारही स्वच्छ आणि कामाला सरावलेले.

"डॉक्टर!" मी हाक मारली.

दोन शेजारणींनी दारात आडवे हात लावले. "बाप्या मानूस बाळंतिनीच्या खोलीत? आमच्यात न्हाई."

"मी डॉक्टर आहे!" बाहेरून आवाज आला.

"असशिला. बाप्याच हाय ना?"

डॉक्टर अंगणातल्या बाजेवर बसले. मी उंबऱ्यावर आले. साबण पुढे केला. "तानूबाई, चला."

"कुनाच्या नावानं काढू, बाई?" ह्या वेळी तिचा आवाज खणखणीत नव्हता.

आता पुढे मी जे बोलले त्याला कुठल्याही पोथीत आधार नाही. तो शास्त्रार्थ मी त्या क्षणी, साबणाची वडी हातात धरून रचला. पण इतक्या ठसक्यात सांगितला की भोरच्या पुरोहितांनीही मान तुकवली असती.

"कुणाच्याही नावानं नाही. बांगड्या तुमच्या मालकांच्या हवाली करायच्या. मालकांनी त्या हातात धरून दाराबाहेर बसायचं आणि मोठ्यानं बोलत राहायचं. त्यांचा आवाज तुमच्या कानावर येतो आहे तोवर तुम्ही सवाष्ण. मग बांगड्या कुठं का असेनात!"

तानूबाईने विचार केला. "आन मदीच गप बसलं तर?"

"बसणार नाहीत."

"काय बोलू म्या?" केरबाने विचारले.

"वाटेल ते. थांबायचं नाही."

साबणाच्या फेसावरून बांगड्या एकेक करून अलगद उतरल्या. एकही फुटली नाही. केरबाच्या पंजात त्या शिरेनात, म्हणून त्याने चार बोटांवर चढवल्या आणि मूठ छातीसमोर धरून दाराला पाठ लावून बसला. मिशीला पीळ, डोक्याला पटका आणि बोटांवर बायकोच्या हिरव्या बांगड्या. अंगणात गाव जमायला लागले.

"म्या केरबा," त्याने सुरुवात केली. "मार्गासनीचा. जित्ता हाय. बैल दोन हायती. येक मारका हाय." मग जरा थांबला.

"अवं!" आतून तानूबाई.

"हाय, हाय! आंबवड्याची जत्रा सांगतो!"

आणि त्याने आंबवड्याच्या जत्रेतली आपली कुस्ती सुरू केली. ही कुस्ती सबंध खोऱ्याला पाठ होती. समोरचा गडी रेड्यासारखा, केरबाने त्याला ढाक मारून उताणा पाडला, लोकांनी फेटे उडवले. आत आमचे काम चालू होते. बाळाचे पाय आले, कंबर आली. तानूबाईचे हात माझ्या हातांशेजारी होते, कोपरापर्यंत ओले, मोकळे. ती स्वतःच्या हातांकडे न पाहता काम करीत होती. तिचा कान मात्र दाराकडे.

बाहेर कुस्ती संपली. केरबाने ती पुन्हा सुरू केली. तीही संपली. तिसऱ्यांदा सांगताना बिचाऱ्याला वर्णने पुरेनात. खोटे बोलायला उसंत लागते आणि त्याला उसंत नव्हती. "त्यानं माजा पट काढला... म्या वळलो... वळलो म्हंजे वळायला गेलो... पाय सरकला... मग त्यो वर आला, म्या खाली..."

आत तानूबाईची मान वळली. "म्हंजे चीत तुमी झाल्ता व्हय?"

"व्हय!" बाहेरून आले.

"लगीन झाल्यापून उलटं सांगताय!"

"तुम्ही इकडं बघा!" मी ओरडले. आता डोके राहिले होते. हाच तो क्षण. "उचलून धरा. अलगद. ओढायचं नाही."

तिने धरले. आणि नेमके तेव्हाच अंगणातल्या गर्दीतून कुणीतरी मोठ्याने हसून विचारले, "का रं केरबा, बांगड्या भरल्या व्हय?"

आमच्याकडे पुरुषाला ह्याहून वाईट बोलता येत नाही. ह्या एका वाक्यापायी डोकी फुटलेली मी स्वतः शिवली आहेत. केरबा गप्प झाला.

आत तानूबाईचे हात थिजले. मुलाचे अंग तिच्या तळव्यांवर, डोके अजून अडकलेले, आणि ती माझ्याकडे पाहात होती. ओठ हलले पण "अवं" बाहेर पडले नाही. सुंद्राने किंकाळी फोडली.

"केरबा, बोला!" मी गळा फाडून ओरडले.

दाराबाहेर काहीतरी धाडकन आपटले. तो उठला होता. आता हा बांगड्या फेकणार आणि त्या टग्याच्या अंगावर जाणार, असे मला वाटले. आणि मग तो आवाज आला. तसा आवाज त्याने आंबवड्याच्या आखाड्यातही काढला नसेल.

"व्हय, भरल्यात! माज्या बायकूच्या हायती! म्या जित्ता हाय म्हनून भरल्यात! कुनाला बगायच्या असतील त्यानं फुडं यावं!"

कुणी पुढे आले नाही. तानूबाईचे हात सैल झाले, वर उचलले गेले, मी डोके सोडवले. मूल निळे होते. पाठ चोळली, तोंड पुसले, आणि त्याने रडायला सुरुवात केली. मुलगी होती. आजोबांवर गेलेली. थांबेचना.

"आता गप बसा!" तानूबाईने बाहेर हाक दिली. "जित्ते हायसा, कळलं समद्या गावाला!"

तिने हात धुतले. पुन्हा. कुणी सांगितले नव्हते. मग उंबऱ्यावर येऊन हात पुढे केले आणि केरबाने एकेक बांगडी तिच्या हातात चढवली. त्याला ते येत नव्हते. दोन फुटल्या. मी साबण गुंडाळायच्या निमित्ताने तोंड फिरवले.

पुढे दहाबारा दिवस मला धास्ती होती. ताप आला नाही. सुंद्रा उठली, बसली, लेकीला पाजत आजोबांची आंबवड्याची हरलेली कुस्ती शेजारणींना सांगू लागली.

डॉक्टरांविषयी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. ते बाजेवर बसून सगळे ऐकत होते. भोरला आल्यावर त्यांनी कलम बदलले नाही, त्याला शेपूट जोडले. ते असे होते. 'सुईण सवाष्ण असल्यास तिच्या पतीने बांगड्या स्वतःचे ताब्यात घेऊन प्रसूतीचे जागी दाराबाहेर हजर राहावे व काम संपेपर्यंत तोंडाने आवाज अखंड चालू ठेवावा.' कारकुनांनी हे सुवाच्य अक्षरात उतरवले आणि मान डोलावली. ह्या वेळी डॉक्टरांनी त्यांना थांबवले नाही.

त्या शेपटाने आमच्या मुलखात जे केले ते साबणालाही जमले नसते. सवाष्ण सुईणी बिल्ले घ्यायला आल्या. बाळंतपणाच्या दाराबाहेर नवरे बसू लागले. कुणी अभंग म्हणे, कुणी बैलांना शिव्या देई, एक जण तर भाताच्या बियाण्यावर सकाळपासून दुपारपर्यंत बोलला. आतल्या बाईला किती वेळ लागतो हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळले, कारण तेवढा वेळ बोलावे लागत होते. मी आत असे आणि ऐके. माझ्या दाराबाहेर बडबडत बसायला कुणी नव्हते, म्हणून मी इतकी वर्षे दुसऱ्यांच्या नवऱ्यांची बडबड ऐकली. आता माझी पाळी आहे, आणि ती तुम्ही ऐकत आहात.

शेवटी बिल्ले वाटण्याचा समारंभ झाला. त्याच पडवीत, पण आता वर मांडव घातलेला. दरबारचे एक बडे अधिकारी आले. त्यांनी आरोग्य, शिस्त आणि प्रगती ह्यांवर भाषण केले. सुईणींनी ते हात मांडीवर ठेवून ऐकले. नावे पुकारली गेली. तानूबाई पुढे झाली, नव्या बांगड्या किणकिणल्या, साहेबांनी स्वतःच्या हाताने तिच्या खांद्याशी पितळी बिल्ला टोचला. टाळ्या वाजल्या. तानूबाई परत फिरली, पण तिच्यामागे आलेला केरबा तिथेच उभा राहिला, छाती पुढे काढून.

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे. मी मांडवाकडे.

"काय पाहिजे?" साहेबांनी विचारले.

आणि केरबा सबंध मांडवाला ऐकू जाईल असा म्हणाला, "सायेब, माजा बिल्ला? हात धुयाचं काम तिचं, पन जित्तं ऱ्हायाचं काम म्या करतो की!"